गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा?

निशिगंध

माझी आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या आठवड्यात चुलतभावाने मला एक जाहिरात पाठवली. सांधेदुखीच्या तेलाची. त्यात आत्याचा हसरा फोटो, खाली भलतंच नाव, आणि वाक्य असं की दोन महिन्यांत माझे गुडघे पूर्ण बरे झाले.

आत्या शेवटची चार वर्षं आधाराशिवाय उभीही राहू शकत नव्हती.

दोन दिवसांनी त्याच तेलाचा व्हिडिओ आला. त्यात आत्या बोलते. ओठ हलतात, मान डोलते, आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा. आतेभावाने तो पाहिला आणि तेव्हापासून त्याने फोन हातात घेतलेला नाही.

जिथे जाहिरात दिसली तिथे तक्रार केली. उत्तर आलं की ज्या व्यक्तीचा फोटो आहे तिने स्वतः ओळखपत्रासह अर्ज भरावा. ती व्यक्ती हयात नाही असं कळवलं, तर पुन्हा तोच अर्ज पाठवला.

गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला कायद्याचं काही संरक्षण असतं का? तक्रार कुणी करायची, कोणत्या नात्याने? भारतातलं सांगाच, पण इतर देशांत काय करतात हेही कुणाला माहीत असेल तर लिहा.

रानभूल

वाचून फार वाईट वाटलं. आधी एक काम करा. दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट, दुवे, तारीख आणि वेळ जपून ठेवा. व्हिडिओ उतरवून घ्या. उद्या त्यांनी तो काढून टाकला तर हाती पुरावा राहायला हवा.

मितभाषी

कायदा असो नसो, हे पाप आहे.

वकिलीण

निशिगंध, मी वकिली करते. कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हा सल्ला धरू नका, पण आपल्याकडचं चित्र सांगते. ते फारसं आशादायक नाही.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर अभिनेते, गायक उच्च न्यायालयांत गेले आणि आपला चेहरा, आवाज, नाव परस्पर वापरायला त्यांनी मनाई मिळवली. अमिताभ बच्चन २०२२ मध्ये, अनिल कपूर २०२३ मध्ये, अरिजीत सिंग २०२४ मध्ये. पण हे सगळे आदेश हयात माणसांनी स्वतः मागितलेले आहेत.

मृत्यूनंतर गाडी अडते. जयललितांच्या आयुष्यावरचा चित्रपट थांबवावा म्हणून त्यांची भाची मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाचं म्हणणं पडलं की माणसाचा खासगीपणा आणि त्याने कमावलेली प्रतिष्ठा त्याच्याबरोबर संपते, ती जमीनजुमल्यासारखी वारसांकडे जात नाही. सुशांत सिंह राजपूत यांच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जवळपास हेच सांगितलं.

बदनामीच्या कलमात मृतांचा उल्लेख आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. पण त्यात मृत व्यक्तीची नाचक्की होईल असं विधान लागतं, आणि ते घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असावं लागतं. तेलाने बरं वाटलं म्हणणं ही नाचक्की ठरवणं अवघड.

घाटवाट

म्हणजे माणूस गेला की त्याचा चेहरा बेवारस?

वकिलीण

@घाटवाट, चेहरा म्हणून, बऱ्याच अंशी हो. काही ठरावीक नावं सोडून. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरवरच्या चित्राला सूट आहे, पण त्यावर फक्त उत्पादकाचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. २००९ मध्ये एका परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाचं महागडं पेन काढलं, तेव्हा केरळ उच्च न्यायालयात याच कायद्याच्या आधारे याचिका झाली होती.

त्या यादीत निशिगंधची आत्या नाही. तुमची-माझीही कुणी नाही.

शोधयात्री

अमेरिकेत याला मालमत्ता मानतात, निदान काही राज्यांत. पण सुरुवात तिथेही नकारानेच झाली. ड्रॅक्युलाची भूमिका गाजवणारे बेला लुगोसी यांच्या पत्नी आणि मुलाने चेहऱ्याच्या वापरावरून स्टुडिओवर दावा लावला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मग विधिमंडळाने कायदाच केला. आधी मृत्यूनंतर ५० वर्षं, पुढे १९९९ मध्ये ती मुदत ७० वर्षांवर नेली. इंडियानात १०० वर्षं. न्यूयॉर्कने अगदी अलीकडे, २०२१ पासून, ४० वर्षं दिली. टेनेसीने २०२४ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या नावावरून ओळखला जाणारा कायदा करून आवाजालाही संरक्षण दिलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत कलाकारांच्या डिजिटल प्रतिकृतींवर वेगळं कलम आणलं.

माणूस कुठे राहत होता यावर सगळं ठरतं. अभिनेत्री मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी वारली. पण तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी कर वाचवण्यासाठी ती न्यूयॉर्कची रहिवासी असल्याचं सांगितलं होतं. पुढे कॅलिफोर्नियाचा कायदा आपल्याला लागू व्हावा म्हणून त्यांचे वारसदार भांडले, तेव्हा २०१२ मध्ये न्यायालयाने तेच जुने कागद त्यांच्यासमोर ठेवले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मृतांना असा हक्क नव्हता. हाती काही लागलं नाही.

पानगळ

@शोधयात्री, माहिती चांगली आहे, पण हे सगळं प्रसिद्ध लोकांचं झालं ना? आत्यांना याचा काय उपयोग?

शोधयात्री

बरोबर पकडलंत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावाला, आवाजाला किंवा चेहऱ्याला व्यापारी किंमत आहे त्यालाच हे संरक्षण. ज्याचा चेहरा विकला जात नव्हता त्याला नाही.

निशिगंध

त्यांनी आत्याचा चेहरा विकायलाच वापरलाय. म्हणजे किंमत त्यांना कळली, कायद्याला कळली नाही.

तळटीप

या धाग्यावर विरुद्ध बाजू मांडणं कठीण आहे, तरी मांडतो. निशिगंध यांच्या बाबतीत जे झालं ते उघड फसवणूक आहे आणि तो माणूस शिक्षेला पात्र आहे. पण म्हणून मृतांच्या प्रतिमेवर वारसांना सरसकट हक्क द्यावा, हे मला पटत नाही.

मी इतिहासावर लिहितो. माझं निम्मं काम मेलेल्या माणसांच्या फोटोंवर चालतं. उद्या प्रत्येक फोटोसाठी नातवंडांची परवानगी लागली, तर एखाद्या जुलमी अधिकाऱ्याचा फोटो त्याच्या घराण्याच्या मर्जीशिवाय छापता येणार नाही. चरित्रं वारसांना हवी तशीच लिहिली जातील. युद्धाची, दुष्काळाची छायाचित्रं लोकांपर्यंत पोचली म्हणून जगात काही गोष्टी बदलल्या. त्यांतल्या मृतांची संमती कुणी घेतली होती? ती घेणं शक्यच नव्हतं.

आणि वारस नेहमी आठवण जपायलाच पुढे येतात असंही नाही. आइन्स्टाइन यांनी आपलं साहित्य जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला दिलं होतं. त्यांचा चेहरा पिळदार शरीरावर बसवून एका मोटार कंपनीने जाहिरात केली म्हणून विद्यापीठाने दावा लावला. २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की १९५५ मध्ये वारलेल्या माणसाबाबत असा हक्क असलाच तर ५० वर्षांपलीकडे टिकत नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. कधीतरी माणूस सगळ्यांचा व्हायला हवा.

रानभूल

@तळटीप, इतिहासाचं पुस्तक आणि तेलाची बाटली यांत फरक करता येत नाही का? वरचे कायदे मुख्यतः धंद्यासाठीच्या वापराबद्दल आहेत. बातमी, अभ्यास, टीका यांना त्यांत सवलती आहेत.

तळटीप

आहेत, पण कडा धूसर असतात. पुस्तकही विकलंच जातं.

सांजवात

बातमीबद्दलच बोलायचं तर फ्रान्सने हा प्रश्न फार आधी हाताळला. राशेल नावाची गाजलेली नटी १८५८ मध्ये वारली. बहिणीने मृत्युशय्येवरचं छायाचित्र घरच्यांपुरतं काढवून घेतलं होतं. त्यावरून एका चित्रकर्तीने रेखाटन केलं आणि ते विक्रीला आलं. पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला की माणूस कितीही प्रसिद्ध असो, मृत्युशय्येवरचा त्याचा चेहरा घरच्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय कुणी लोकांपुढे मांडू शकत नाही. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मितराँ १९९६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृतदेहाचा फोटो छापणाऱ्या साप्ताहिकावरही खटला झाला.

जुनी_वही

जर्मनीची हकीकत याहून विलक्षण आहे. १८९८ च्या जुलैअखेरीस तिथले माजी चान्सलर बिस्मार्क वारले. त्याच रात्री दोन छायाचित्रकार चोरून त्यांच्या खोलीत शिरले, मृतदेहाचा फोटो काढला आणि तो विकायला निघाले. बिस्मार्क यांची मुलं न्यायालयात गेली. आता अडचण अशी की माणसाच्या चित्राबद्दल कायद्यात काहीच नव्हतं. शेवटी १८९९ मध्ये न्यायालयाने पकडलं ते घरात बेकायदा घुसल्याच्या मुद्द्यावर. घुसून मिळवलेली वस्तू तुम्हाला ठेवता येणार नाही, फोटोच्या प्लेटा नष्ट करा. चेहऱ्याचा कायदा नव्हता, म्हणून उंबरठ्याचा लावला.

त्या धक्क्यातून १९०७ चा कायदा आला. तो आजही चालू आहे. माणूस गेल्यावर दहा वर्षं त्याचं चित्र लोकांसमोर आणायला नातलगांची संमती लागते. नातलग म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुलं, ती नसतील तर आईवडील. @तळटीप, समकालीन इतिहासातल्या घडामोडींच्या चित्रांना त्यात अपवाद आहे. @पानगळ, आणि हा कायदा प्रसिद्धी विचारत नाही. तिथे आत्यांच्या मुलाला थेट उभं राहता आलं असतं.

पानगळ

दहा वर्षं मला योग्य वाटतात. रडणारं माणूस घरात असतं तोवर.

वकिलीण

चीनच्या २०२१ पासूनच्या नागरी संहितेतही अशी सोय आहे. कलम ९९४. मृताचं नाव, चित्र, प्रतिष्ठा, खासगीपणा यांना धक्का लागला तर पती किंवा पत्नी, मुलं आणि आईवडील दाद मागू शकतात. तीही सामान्य माणसाला खुली आहे.

आणखी एक वाट अमेरिकेतच निघाली, तीही मालमत्तेच्या कायद्याबाहेर. २००६ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीचा मोटार अपघातात मृत्यू झाला आणि पोलिसांनीच घटनास्थळाचे फोटो बाहेर पाठवले. मुलीचा हक्क तिच्याबरोबर संपला हे न्यायालयाने मान्य केलं, पण २०१० मध्ये असंही म्हटलं की आईवडिलांचा स्वतःचा खासगीपणा आहे आणि तो मोडला गेला. म्हणजे तक्रार जिवंत माणसाची, स्वतःच्या जखमेची. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्या पत्नीला २०२२ मध्ये ज्यूरीने १ कोटी ६० लाख डॉलर दिले तेही याच प्रकारच्या दाव्यात. आपल्याकडे कुणी हा मुद्दा नीट लढवावा असं मला फार वाटतं.

कवडसा

सगळे बाहेरच्यांबद्दल बोलताय. मी घरातलं लिहिते.

बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. मागे घरी एक समारंभ होता. धाकट्या भावाने आधी कुणालाही न सांगता एक व्हिडिओ बनवून आणला. बाबा खुर्चीत बसलेत आणि आम्हा सगळ्यांची नावं घेऊन आशीर्वाद देताहेत. आवाज हुबेहूब. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बनवला होता. भावाच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याने मनापासून केलं होतं. आई उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून बसली. नंतर एवढंच म्हणाली, "हे ते नव्हते. ते मला कधी अशी हाक मारत नसत."

बाबांना साधा फोटो काढलेलाही आवडायचा नाही. त्यांना कुणी विचारलं होतं? कायद्याने हक्क वारसांना दिला, तर माझ्या भावाला तो मिळालाच असता. मग आईने कुठे जायचं?

ओंजळ

कवडसा, तुमच्या आईंचं दुःख समजतं. पण भावावर रागावू नका. माझ्या नवऱ्याने फोनवर ठेवलेला एक निरोप आहे, 'पोचलो, उशीर होईल' इतकाच. मी तो रोज ऐकते. कुणी म्हणालं असतं की त्याला अजून थोडं बोलायला लावता येईल, तर त्या पहिल्या वर्षात मी हो म्हटलं असतं. आता म्हणणार नाही. पण तेव्हा म्हटलं असतं.

शोधयात्री

@कवडसा, तुमच्या प्रश्नाला एका माणसाने मृत्यूपूर्वीच उत्तर देऊन ठेवलं होतं. अभिनेते रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेले. २०३९ पर्यंत आपली प्रतिमा व्यापारासाठी वापरायची नाही, अशी बंदी ते कागदोपत्री घालून गेले होते. वारसांवरही. तरी २०२५ मध्ये त्यांच्या मुलीला जाहीर विनंती करावी लागली की माझ्या वडिलांचे यंत्राने बनवलेले व्हिडिओ मला पाठवू नका. ते पाठवणारे चाहतेच होते. त्याच महिन्यात मार्टिन ल्युथर किंग यांच्या वारसांच्या सांगण्यावरून एका मोठ्या कंपनीला त्यांचे असे व्हिडिओ बनवणं थांबवावं लागलं.

डेन्मार्कने २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात मात्र हयात आणि मृत, प्रसिद्ध आणि सामान्य सगळेच आहेत. हुबेहूब डिजिटल नक्कल परवानगीशिवाय पसरवता येणार नाही, आणि हे संरक्षण मृत्यूनंतर ५० वर्षं.

तळटीप

कवडसा यांचा प्रतिसाद वाचून थोडा थांबलो. फोटो जपणं, छापणं एक. माणसाच्या तोंडी तो कधीच न बोललेली वाक्यं घालणं वेगळं. माझा आक्षेप पहिल्यावरच्या बंधनाला होता. दुसऱ्यावर बंधन यायला हवं, त्याबाबत माझा विरोध नाही. मी इतिहासात असं केलं तर त्याला खोटा कागद तयार करणं म्हणतात.

घाटवाट

मूळ प्रश्नाकडे येतो. निशिगंध, जाहिरातीतला तो फोटो कुणी काढला होता?

निशिगंध

मीच. माझ्या फोनवर. ती खिडकीशी बसली होती, मी काहीतरी बोलले आणि ती हसली. ती गेल्यावर श्रद्धांजली म्हणून मी तोच टाकला होता. तिथूनच उचलला असणार. याचंच सगळ्यात जास्त लागतंय.

घाटवाट

मग चेहरा सोडा, फोटो धरा. मी छायाचित्रकार आहे. तो फोटो तुमची कलाकृती आहे.

वकिलीण

घाटवाट, हे मी पहिल्यांदाच विचारायला हवं होतं. अगदी बरोबर.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा त्याचा पहिला मालक. हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि वारसांकडेही जातो. फोटोत कोण आहे, ती व्यक्ती हयात आहे का, असले प्रश्नच येत नाहीत. बाकीच्यांसाठीही सांगते: गेलेल्या माणसाने स्वतःच काढलेली सेल्फी असेल तर तिचा कॉपीराइट वारसांना मिळतो. पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी काढून घेणाऱ्याची, स्टुडिओची नाही.

निशिगंध, मूळ फाइल फोनमध्ये असेल तर ती पुसू नका, तिच्यात तारीख असते. कॉपीराइट भंगाची लेखी तक्रार करा. अशी तक्रार आली की त्या मजकुराचा प्रवेश २१ दिवस थांबवायचा असतो, तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे तिथेच थांबू नका. खोट्या अनुभवावर औषधी तेल विकणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार होते आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी तुम्ही आत्याच्या कोण, हे कुणी विचारणार नाही.

रानभूल

ज्यांनी श्रद्धांजलीचे फोटो सगळ्यांना दिसतील असे ठेवलेत, त्यांनी आज ते फक्त ओळखीच्यांपुरते करून घ्या.

पानगळ

@वकिलीण, रॉबिन विल्यम्ससारखं आपण लिहून ठेवू शकतो का?

वकिलीण

ठेवू शकता आणि ठेवा. मृत्युपत्रात, किंवा वेगळ्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर. माझा चेहरा आणि आवाज वापरून नवं काही बनवू नये, किंवा बनवायचंच तर अमुक माणसाला विचारून. आपल्याकडे न्यायालय ते किती बंधनकारक मानेल हा पुढचा प्रश्न आहे, पण घरात तरी वाद राहत नाही. कवडसांच्या आईंच्या हातात असा एक कागद असता तर त्यांना कडी लावावी लागली नसती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावायला माणूस नेमण्याची तरतूद आहे, कलम १४. ती विदेपुरती आहे, पण सुरुवात म्हणून मला महत्त्वाची वाटते.

कवडसा

हे धाकट्याला दाखवलं. तो म्हणाला, आधी आईला विचारू तिला स्वतःचं काय हवंय ते. आज रात्री बसणार आहोत तिघं.

निशिगंध

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः घाटवाट आणि वकिलीण.

फोटोची जाहिरात दोन दिवसांत गेली. अर्जात विचारलं होतं, 'या कलाकृतीचे मालक तुम्ही आहात का?' मी हो वर खूण केली. एवढंच पुरलं. आतेभाऊ तिचा सख्खा मुलगा, त्याच्या अर्जाला तीनदा नकार आला होता. जुनी_वही, तुमच्या बिस्मार्कची हकीकत तेव्हा आठवली. मलाही उंबरठाच कामी आला.

व्हिडिओ मात्र अजून आहे. तो माझ्या फोटोसारखा दिसत नाही असं त्यांचं म्हणणं, कारण त्यात तिचं डोकं हलतं आणि मागची खिडकी नाही. वकिलीण यांनी सांगितल्याप्रमाणे ग्राहक प्राधिकरणाकडची तक्रार लिहून झाली आहे. आतेभावाने काल पहिल्यांदा फोन उघडला. आत्याच्या उपचारांचे कागद त्याने एकेक फोटो काढून मला पाठवले, तारखेनुसार लावून. ती चालू शकत नव्हती हे दाखवणारे. ते जोडून उद्या पाठवते.